बडोद्याच्या दांडिया बाजारातलं सायकल-स्केट्सचं दुकान आणि रविवारचा क्लास (वर्षभर अनुभव घेऊन मग लिहितेय)

आधीच सांगते, मोठा रिव्ह्यू आहे, घाई असेल तर एवढंच वाचा: स्केट्स रिपेअर करायचे असतील तर डोळे मिटून जा, पोराला मेडल हवं असेल तर जाऊ नका. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

तर झालं असं की मागच्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी (वय वर्षं दहा) स्केट्सचा हट्ट धरला. आमच्या भागात एक क्लास होता, नाव घेत नाही, तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं की स्केट्स आमच्याकडूनच घ्यावे लागतील. बत्तीसशे रुपये मोजले. दीड महिन्यात एका चाकाने फिरणंच सोडलं, दुसऱ्या पायाची फ्रेम हलायला लागली आणि पोरगं एका बाजूला कललेल्या रिक्षासारखं चालायला लागलं. तक्रार केली तर म्हणे तुमचा मुलगा रफ वापरतो. अहो स्केट्स आहेत, पैठणी नाही! असो. तो विषय काढला की माझं बीपी वाढतं.

मग माझ्या नणंदेने सांगितलं की दांडिया बाजारात एक जुनं सायकल रिपेरिंगचं दुकान आहे, तिथल्या काकांचे जावई फॉरेनर आहेत, ते स्केट्स बघून देतात. मला वाटलं मस्करी करतेय. दुकानाला धड बोर्डसुद्धा नाही, नुसतं सायकल रिपेरिंग असं गुजरातीत लिहिलंय तेही अर्धं पुसलंय, त्यामुळे नाव विचारू नका, नाव नाहीचे. वर टायर टांगलेले, एका बाजूला हवेचा पंप, देवाच्या फोटोला झेंडू, आणि खाली पाटावर सहा फुटांचा एक गोरा माणूस मांडी घालायचा प्रयत्न करत बसलेला, समोर परात, परातीत रॉकेल, रॉकेलमधे बेअरिंग. शेजारी काका स्टुलावर. मी स्केट पुढे केला तर त्याने चाक बोटाने फिरवलं आणि कानाजवळ नेलं, डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. मग न बोलता काकांकडे दिलं. काकांनीही कानाशी धरून फिरवलं.

"कचरा," काका म्हणाले.

"कचरा," जावईबापूपण म्हणाले. उच्चार एकदम शुद्ध.

मला त्या क्षणी दुकान आवडलं.

आता कामाचं. इनलाइन स्केट्सच्या एका जोडीत आठ चाकं असतात आणि प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, म्हणजे सोळा. ती सोळाच्या सोळा काढून रॉकेलमधे धुऊन, सुकवून, तेल घालून परत बसवायचे ते २०० रुपये घेतात, आणि त्याच वेळी चाकांची अदलाबदलपण करतात. ही अदलाबदल मला माहीतच नव्हती. ढकलताना पाय बाहेर जातो त्यामुळे चाक आतल्या बाजूने जास्त झिजतं, म्हणून पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी, डाव्या पायाची उजव्या पायाला आणि झिजलेली बाजू बाहेर. एवढं केलं की चाकं खूप जास्त टिकतात. आधीच्या क्लासमधे हे कोणी सांगितलं नाही, साहजिकच आहे, तिथे नवीन चाकं विकायची होती.

आमच्या स्केट्सची चाकं तशीही वाचण्यासारखी नव्हती. जावईबापूंनी नखाने दाबून दाखवलं, टणक प्लास्टिक. चाकाच्या मऊपणाला नंबर असतो म्हणे, ७४-७६ ए वगैरे म्हणजे मऊ, आतल्या गुळगुळीत फरशीसाठी, आणि ८२ च्या वर म्हणजे कडक, बाहेरच्या खरबरीत रस्त्यासाठी. मऊ चाक रस्त्यावर नेलं तर खोडरबरासारखं झिजतं आणि कडक चाक गुळगुळीत फरशीवर नेलं तर पोरगं सरळ भिंतीवर. आमच्याला ७८ ची लावून दिली कारण क्लास कोटा स्टोनवर होतो. कोटा स्टोनचं पुढे सांगते.

आणि एक भांडण ऐकायला मिळालं ते फुकट. काकांचं म्हणणं बेअरिंगमधे ग्रीसच हवं, पन्नास वर्षं सायकलीच्या छऱ्यांना ग्रीस लावतोय, कोणाची सायकल अडली का? जावयाचं म्हणणं ग्रीसने चाक जड फिरतं, दोन थेंब मशीन ऑइल बास. काकांना इंग्लिश जेमतेम, जावयाला मराठी अर्धंमुर्धं, पण दोघं परातीवर वाकून अशी हमरीतुमरी करतात की गिऱ्हाईक उभं आहे हे विसरतात. शेवटी तोडगा निघालाय तो असा की उन्हाळ्या-हिवाळ्यात तेल आणि पावसाळ्यात ग्रीस, कारण ग्रीस पाणी आणि धूळ आत जाऊ देत नाही. बरोबर दोघंही आहेत. पण ते दोघांनाही मान्य नाही.

जावईबापूंचं मराठी हा वेगळाच विषय आहे. बायकोकडून शिकले त्यामुळे स्वतःबद्दल बोलताना "मी येते, मी करते, मी उद्या देते" असं बोलतात. मला पहिल्यांदा कळेना हसावं का. क्लासमधली पोरं तर खाली मान घालून फिदीफिदी करायची, आता सवय झाली, उलट एक-दोन मुलगे स्वतःच "मी पडते" म्हणून पडतात. गुजराती गिऱ्हाइकं त्यांना जमाईराज म्हणतात, मराठी जावईबापू, आणि पोरं कोच काका. खरं नाव मला माहितीये पण लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही.

हे कोण, इथे कसे, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, मलाही पडला होता. गडी कॅनडातल्या एका लहान गावातला. नऊ सीझन आइस हॉकी खेळला, पैसे घेऊन, म्हणजे प्रोफेशनल. पण टीव्हीवर दिसते ती एनएचएल (तिकडची सगळ्यात वरची आइस हॉकी लीग) नव्हे, तिच्या खालची एएचएल, आणि तिच्याही खालची ईसीएचएल, मुख्यतः ही खालचीच. ईसीएचएल १९८८ साली पाच टीमवर सुरू झाली आणि गंमत म्हणजे तिच्या कितीतरी टीम अमेरिकेच्या दक्षिणेला आहेत, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडा, जिथे उन्हाळ्यात आपल्यासारखंच घामाने अंगाला कपडे चिकटतात. बाहेर माणसं अर्ध्या चड्डीत फिरतायत आणि आत ही मंडळी बर्फावर. म्हणून त्यांना बडोद्याच्या मे महिन्याचं फार काही वाटलं नाही म्हणाले. (खोटं आहे. मी त्यांना शहाळं घेऊन पंख्याखाली आडवं पडलेलं बघितलंय.)

सोळाव्या वर्षी घर सोडलं. तिकडे ज्युनियर खेळणारी पोरं दुसऱ्या गावात अनोळखी कुटुंबाकडे राहतात, तिथेच जेवतात, शाळेत जातात आणि संध्याकाळी खेळतात. हे ताई (म्हणजे त्यांच्या मिसेस) मला समजावून सांगत होत्या तर काका मधेच म्हणाले, यात समजावण्यासारखं काय आहे, माझे वडील कोकणातून बडोद्याला आले ते वार लावूनच शिकले, सोमवार जोशांकडे, मंगळवार लेल्यांकडे. मला हे इतकं पटलं की काय सांगू. आपल्याकडे पोरं संस्कृत आणि इंग्लिशसाठी वार लावून जेवली, तिकडे हॉकीसाठी.

पगाराचं ऐकून मी चाट पडले. मला वाटलं अमेरिकेत प्रोफेशनल प्लेअर म्हणजे बंगला, गाडी. तर ईसीएचएलमधे आठवड्याला काही शे डॉलर, तेही फक्त सीझन चालू असेपर्यंत. राहायला घर टीम देते, दोघं-तिघं मिळून. सीझनमधे ७२ मॅच. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा सलग तीन दिवस तीन मॅच, आणि मधल्या रात्री बस. बसमधे झोपायला बंक असतात, कोणाला खालचा आणि कोणाला वरचा यावर सीनियर-ज्युनियर ठरतं. उन्हाळ्यात पगार बंद, मग कोणी बांधकामावर, कोणी लोकांची लॉन कापायला, कोणी लहान मुलांचे कॅम्प घ्यायला. आपल्या बडोद्यात हे समजायला कठीण नाही, प्रत्येक गल्लीत एक तरी मामा सापडतो जो रणजीच्या कॅम्पपर्यंत जाऊन आला आणि मग बँकेत लागला. फक्त त्या मामाला बँक होती.

वरून फोन यायचा म्हणे. वरच्या टीममधे कोणाला दुखापत झाली की खालच्या टीममधून माणूस उचलतात. बॅग भरून रातोरात निघायचं, दोन मॅच खेळायच्या, पहिला माणूस बरा झाला की परत खाली. त्यांना असा फोन नऊ वर्षांत चारदा आला, एएचएलच्या एकूण अकरा मॅच मिळाल्या. एनएचएल शून्य. हे शून्य ते इतक्या साध्या आवाजात सांगतात, जसं काही दूध संपलंय.

आणि मग बंद कसं झालं, तर एकतर गुडघा, दोन ऑपरेशन. दुसरं कारण मला नवीन होतं. त्या लीगमधे नियम आहे की २६० च्या वर मॅच खेळलेले अनुभवी खेळाडू टीममधे चारच ठेवता येतात, गोलकीपर सोडून. लीग नवीन पोरं तयार करण्यासाठी आहे म्हणून. म्हणजे बघा, जितकं जास्त खेळाल तितकी तुमची जागा कमी. पाचवा म्हातारा चालत नाही. आणि म्हातारा म्हणजे किती, तर एकतीस! त्या वर्षी चारात नंबर लागला नाही. ताई तेव्हा तिकडे फिजिओथेरपी शिकत होत्या, यांचा गुडघा त्यांच्या हातात आला, पुढचं तुम्ही समजून घ्या. दोनेक वर्षं त्यांनी डिलिव्हरीचा ट्रक चालवला, इन्शुरन्स विकायचा प्रयत्न केला ("मी एक पण विकली नाही"), मग इकडे काकू गेल्या, काका एकटे पडले आणि हे दोघं बडोद्याला आले. खेळ सुटल्यावर सगळ्यात अवघड काय वाटलं असं मी विचारलं होतं. म्हणाले सकाळी साडेनऊ. साडेनऊला प्रॅक्टिस असायची, नऊ वर्षं. ट्रक चालवतानाही साडेनऊला हात घड्याळाकडे जायचा. आता ते बरोबर साडेनऊला दुकानाचं शटर उघडतात, काका दहाला येतात.

बरं, क्लास. रविवारी सकाळी, एका पार्टी प्लॉटवर. लग्नाचं जेवण जिथे मांडतात तो कोटा स्टोनचा मोठा चौक, त्यावर खडूने रेषा आखतात आणि टोकाला पाइपाचे दोन गोल. उन्हाळ्यात सहाला सुरू, बाकी सातला. महिन्याला बाराशे, जीपे काकांच्या नंबरवर करायचं आणि काका पैसे आल्याचा मेसेज वाचल्याशिवाय मान हलवत नाहीत.

पहिल्या दिवशी काय शिकवलं माहितीये? पडायला. फक्त पडायला. एक तास. वीस-वीस वेळा. गुडघ्याच्या पॅडवर आधी, मग बाजूला, आणि मुठी बंद, कारण उघडी बोटं फरशीवर राहिली आणि मागच्याचं चाक वरून गेलं तर काय होईल ते सांगायला नको. मग उठायचं कसं, एक गुडघा वर, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, वर. माझ्या शेजारी एक आई उभी होती ती वैतागली, आम्ही फी पडायला भरली का? त्यांनी ऐकलं, जवळ आले आणि आपला तोंडातला पुढचा दात काढून तळहातावर ठेवून दाखवला. खोटा दात. "मी नीट पडली नाही," म्हणाले. त्या बाई गप्प झाल्या ते आजपर्यंत. (आता त्यांची मुलगी क्लासमधली सगळ्यात फास्ट आहे.)

दुसरी गोष्ट थांबायची. यात ते स्वतःच फसले होते असं त्यांनी सांगितलं. बर्फावर दोन्ही पाय आडवे घातले की पातं बर्फ खरवडतं, भुगा उडतो आणि माणूस जागच्या जागी उभा. चाकं खरवडत नाहीत. इथे आल्यावर पहिल्यांदा त्यांनी सवयीने तसंच केलं आणि सरळ जाऊन केटरर्सच्या टेबलांच्या ढिगाऱ्यात. वीस वर्षं थांबता येत असलेला माणूस इथे येऊन परत टी-स्टॉप शिकला, म्हणजे एक पाय मागे आडवा ओढायचा. पोरांना ही गोष्ट इतकी आवडते की दर महिन्याला सांगायला लावतात आणि दर महिन्याला ढिगाऱ्यातली टेबलं वाढत जातात.

हॉकी स्टिक तिसऱ्या महिन्यात हातात मिळते, आधी नाही. पकसुद्धा (बॉलऐवजी असते ती चकती) खरा वापरत नाहीत. खरा पक त्यांनी आणून दाखवला, काळं रबर, तीन इंच रुंद, एक इंच जाड, सहा औंस म्हणजे १७० ग्रॅम, हातात घेतला तर वजन जाणवतं. मॅचच्या आधी तो फ्रीझरमधे ठेवतात, कारण गार रबर कमी उसळतं. हे ऐकून आमच्या चिरंजीवांनी घरी येऊन टेनिसबॉल फ्रीजमधे आमरसाच्या डब्यावर ठेवला होता. क्लासमधे हलका प्लास्टिकचा पक असतो, तेच बरं, पार्टी प्लॉटच्या काचा आहेत.

एक प्रसंग सांगते. जानेवारीत एका रविवारी गोलकीपर पोरगा आजारी, आला नाही. कोणी उभं राहायला तयार नाही. तर कोच काकांनी पार्टी प्लॉटच्या वॉचमन काकांना पॅड बांधले, हेल्मेट घातलं आणि गोलमधे खुर्चीवर बसवलं! पोरं ओरडायला लागली ही चीटिंग आहे. मग त्यांनी सगळ्यांना खाली बसवून डेव्हिड एअर्सची गोष्ट सांगितली. २२ फेब्रुवारी २०२०, टोरंटो. कॅरोलायनाचे दोन्ही गोलकीपर मॅचमधे जखमी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे स्टेडियममधे एक इमर्जन्सी गोलकीपर बसवलेला असायचा, तो हा, वय ४२, किडनी ट्रान्सप्लांट झालेला, पूर्वी रिंकवर बर्फ सारखा करायची मशीन चालवणारा. एनएचएलच्या मॅचमधे उतरला, आठ शॉट अडवले आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकली. टोरंटोच्या घरच्या मैदानावर, तेही टोरंटोवाल्यांच्याच रिंकवर काम केलेला माणूस. वॉचमन काकांना हे गुजरातीत समजावून सांगितलं तर त्यांनी मिशा नीट केल्या आणि त्या दिवशी खुर्चीवर बसल्या बसल्या खरंच चार गोल अडवले. एक तर डोक्याने.

डिसेंबरमधे अजून एक मजा असते. तिकडे टेडी बेअर टॉस म्हणून प्रकार आहे, आपल्या टीमचा पहिला गोल झाला की प्रेक्षक हजारो टेडी बर्फावर फेकतात आणि नंतर ते गरजू मुलांना वाटतात. हर्शी नावाचं चॉकलेटवालं गाव आहे, तिथे ५ जानेवारी २०२५ ला १,०२,३४३ टेडी पडले, रेकॉर्ड आहे. आमच्याकडे एकोणतीस पडले, त्यात एक गणपती होता सॉफ्ट टॉयचा, तो कोणी फेकला म्हणून दोन आज्या चिडल्या होत्या. सगळे धुऊन जवळच्या आंगणवाडीत दिले. गणपती काकांनी दुकानात ठेवलाय.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्ही म्हणाल ओळखीतले आहेत.

पहिली आणि मोठी: लग्नसराई. पार्टी प्लॉट आहे, त्यांचा धंदा लग्नं आहे, स्केटिंग नाही. तुळशीचं लग्न लागलं की आपला क्लास कधी होईल आणि कधी नाही याची गॅरंटी नाही, शनिवारी रात्री दहाला मेसेज येतो की उद्या मांडव आहे. नवरात्रात तर विसरूनच जा, बडोद्यात नवरात्रात रिकामी फरशी मिळेल ही अपेक्षाच चूक आहे. पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने बंद, तेव्हा फी घेत नाहीत हे खरं, पण पोराची सवय मोडते. लग्नानंतरच्या सकाळी फरशीवर तेलाचे डाग आणि गुलाबाच्या पाकळ्या असतात, एकदा एक मुलगी गुलाबजामवरून घसरली. हसू नका, चांगलीच आपटली. (नीट पडली मात्र.)

दुसरी: स्पर्धा. डिस्ट्रिक्ट, स्टेट, सर्टिफिकेट, दहावीला मार्क, हे हवं असेल तर हा क्लास तुमच्यासाठी नाही. रोलर हॉकी वेगळी, तिला दोन-दोन चाकांच्या जोडीचे क्वाड स्केट्स आणि बॉल लागतो, स्पीड स्केटिंग वेगळं. यांचं म्हणणं दोन वर्षं फक्त चाकांवर राहायला शिका, मग जिथे जायचं तिथे जा, मीच नाव सुचवते. ("सुचवते".) मला पटतं पण सगळ्यांना पटेलच असं नाही, चार पालक सोडून गेले.

तिसरी: दुपारी एक ते चार दुकान बंद, काका झोपतात, आणि जावयाने त्या वेळात उघडलेलं त्यांना चालत नाही. आणि दांडिया बाजारात पार्किंग, त्याबद्दल न बोललेलंच बरं. टू-व्हीलरने या. गुरुवारी पूर्ण बंद.

चौथी तक्रार नाही, सूचना आहे: नवीन स्केट्स ते विकत नाहीत. म्हणजे मला वाटतं विकायला हवेत. त्याऐवजी तुम्हाला काय घ्यायचं ते सांगतात, आणि कुठलंही घ्या पण घालून बघून घ्या म्हणतात. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकला पाहिजे, टाच उचलली जाता कामा नये. वाढत्या पोरांना एक साइझ मोठा घेऊया हे आपलं लाडकं तत्त्वज्ञान इथे चालत नाही, बुटांत चालतं, स्केट्समधे घोटा मुरगळतो. वाढवता येणारे घ्या.

पोरं विचारतात की इंडियन कोणी खेळलंय का. तर रॉबिन बावा, भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू, १९८९-९० मधे वॉशिंग्टनकडून आला, सगळ्या टीम मिळून ६१ मॅच, बाकी करिअर खालच्याच लीगमधे, बसमधेच. आणि मॅनी मल्होत्रा, तो भरपूर खेळला आणि मग कोच झाला, २०२५ ला त्याच्या ॲबट्सफर्डने एएचएलचा काल्डर कप जिंकला. आणि भारताची स्वतःची टीमपण आहे, १९८९ पासून आपण आंतरराष्ट्रीय संघटनेचे मेंबर आहोत, बहुतेक पोरंपोरी लडाखची, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेली. मुलींनी पहिली मॅच जिंकली ती २०१७ ला बँकॉकमधे, फिलिपिन्सला ४-३. हे सांगताना कोच काकांचा आवाज जरा बदलतो. क्लासमधल्या मुलींनी त्यावर लगेच मुलांना ४-३ ने हरवायचं ठरवलं, मॅच ९-२ झाली, मुलींच्या बाजूने.

त्यांचा स्वतःचा खांदा अजून दुखतो थंडीत. ताई स्वतः फिजिओ असूनही जावईबापू त्यांचं ऐकत नाहीत, पण काकांनी हाताला धरून जुम्मादादा व्यायाम मंदिरात नेलं तेव्हा मुकाट गेले. तिथून आल्यावर दोन दिवस मल्लखांबाबद्दलच बोलत होते, एवढ्याशा लाकडावर पोरं काय करतात, आणि आम्हाला आयुष्यभर वाटत होतं आपणच टफ.

रेटिंग: रिपेअरिंगला पाच पैकी पाच. क्लासला चार, एक स्टार लग्नसराईने कापला. काकांच्या ग्रीसला मी वेगळे मार्क देणार नाही, मला दोघांकडे जायचं असतं.

आणि एक सांगायचं राहिलं. दुकानात काका असताना जावईबापूंना त्यांच्या खेळाचे आकडे विचारू नका. मी एकदा विचारलं होतं. त्यांनी कौतुकाने विली मार्शलचं सांगायला घेतलं, एएचएलमधे वीस सीझन, १,२०५ मॅच, १,३७५ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), आजपर्यंत कोणी मोडला नाही, आणि एवढं करून एनएचएल फक्त ३३ मॅच, आता त्या लीगमधे सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला त्याच्या नावाचं बक्षीस देतात. मी म्हटलं बापरे. झालं, काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "सत्तेचाळीस साल," म्हणाले, "रणजी फायनल, आपल्या बडोद्यात, समोर होळकर. हजारे २८८, गुल महंमद ३१९, पार्टनरशिप ५७७." आणि मग पहिल्या ओव्हरपासून. माझी स्कूटर डबल पार्क होती.